बेचाळिसावी ओळ

सोमवार, ३ मार्च

आजपासून दोन वह्या. एक शिस्तबाईसाठी. "दिवसभरात काय काम केलं ते चार ओळींत लिहीत चला, सर," म्हणाली. ती वही ऑफिसच्या खणात राहील आणि तिच्यात मी अत्यंत सज्जन माणूस असेन. दुसरी वही ही. ही माझ्या पिशवीत राहील.

शिस्तबाई म्हणजे आमच्या तपासणी केंद्राच्या संगणक विभागाची नवी प्रमुख. तोंडावर मी तिला अहो-जाहो करतो, इथे करणार नाही. येऊन तीन आठवडे झाले. पहिल्या आठवड्यात तिनं वायरींना चिठ्ठ्या लावल्या, दुसऱ्यात कपाटांना. तिसऱ्यात तिची नजर थोरल्यावर पडली.

थोरला हा आमचा मुख्य सर्व्हर. अकरा शाखांतून जे नमुने येतात त्यांचे रिपोर्ट त्याच्यात तयार होतात आणि डॉक्टरांकडे जातात. त्याला खोक्यातून बाहेर काढला तो मी. नाव काय ठेवायचं असं पडद्यावर विचारलं गेलं तेव्हा खोलीत मी एकटाच होतो. मागून दोन लहान यायचे होते, म्हणून हा थोरला. आता ते नाव जाणार आणि 'ए-दोन-शून्य-सात' येणार. इमारत, मजला, अनुक्रमांक. कैद्याला नंबर देतात तसा.

बरं, नुसतं नाव नाही, आयपी पत्ताही बदलायचा आहे. नावं माणसांच्या सोयीची असतात. यंत्रं एकमेकांना आकड्यांच्या पत्त्यावर शोधतात, आणि थोरल्याचा पत्ता दहावर संपतो. आमचं केंद्र एका मोठ्या केंद्रात विलीन होतंय, त्यांच्याकडेही एक दहा आहे. एका पत्त्यावर दोघं नांदू शकत नाहीत. मग त्यांनी का नाही बदलायचा, असं मी विचारलं. "त्यांच्याकडे सहाशे यंत्रं आहेत सर, आपल्याकडे चाळीस," म्हणाली. वर हसली.

घरी हिला सांगितलं. ही म्हणाली, "नावच बदलतंय ना? आतला तोच राहतो की." मी म्हटलं, तुला यातलं ओ की ठो कळत नाही.

शुक्रवार, ७ मार्च

"थोरल्याचा जुना पत्ता कोणाकोणाला माहीत आहे, त्याची यादी करून द्या सर. तुमच्या डोक्यात आहे ते कागदावर येऊ द्या."

म्हणजे डोकं काढून टेबलावर ठेवा आणि चालू लागा. मी काही दूधखुळा नाही. अकरा वर्षांत कोणतं यंत्र कुठून कोणाशी बोलतं हे मला माहीत आहे, म्हणून मला इथे खुर्ची आहे. यादी झाली की तीच कामं गुळगुळीतसुद्धा करू शकेल.

गुळगुळीत म्हणजे आमचा नेटवर्कवाला. कोणाशीच त्याचं वाकडं नाही. शिस्तबाई म्हणाली भिंत निळी आहे, तर हा म्हणेल, "हो मॅडम, चांगलीच निळी आहे." आज त्यानं मला विचारलं, "सर, तुम्हाला मदत करू का यादीला?" मी म्हटलं, तुझ्या कामाचं बघ.

लिफ्ट बंद होती. आमच्या बिल्डिंगची, ऑफिसची नव्हे. ही भाजीची पिशवी घेऊन दुसऱ्या मजल्यावर कठड्याला टेकून उभी होती. मी म्हटलं, इथे काय प्रदर्शन मांडलंयस? म्हणाली, "दम लागला जरा." रोज घरात बसून राहिलं की दम लागणारच. मी हे सांगितलं तर म्हणाली, "तुम्हाला काही सांगायचं म्हणजे तुम्ही आधी ओरडता, मग ऐकता." मी ओरडलो नव्हतो. जिन्यात आवाज घुमतो.

बुधवार, १२ मार्च

एकतीस ओळी झाल्या. शाखांचे संगणक, रक्त तपासायची यंत्रं, प्रिंटर, डॉक्टरांच्या खोल्या. प्रत्येक ठिकाणी जाऊन बघतोय, कारण कुठे थोरल्याला नावानं हाक मारलीय आणि कुठे मी थेट आकडे कोरून ठेवलेत, हे मलाही आठवत नाही. जिथे नाव आहे तिथे सोपं. नाव कोणत्या पत्त्यावर जातं ते एका ठिकाणी बदललं की झालं. जिथे आकडे आहेत तिथे हातानं खोदायचं. आकडे माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त ठिकाणी निघाले. तेव्हा कामाची घाई होती आणि थोरला कधी घर बदलेल असं वाटलं नव्हतं.

शिस्तबाई हे बघून म्हणाली, "नावं वापरली असती तर दोन तासांचं काम होतं, सर." मी म्हटलं, तेव्हा तुम्ही शाळेत होता. गुळगुळीत खाली बघून हसला. कोणाच्या बाजूनं हसला ते कळलं नाही.

रात्रीच्या जेवणाला हिनं विचारलं, "तुमच्याकडे रिपोर्ट किती दिवसांत येतात हो?"

"कसला रिपोर्ट?"

"शेजारच्या विचारत होत्या."

"शेजारच्यांना म्हणावं काउंटरवर विचारा. मी काय रिपोर्ट वाटायला बसलोय तिथे?"

मला ऑफिसात ऐकावं लागतं ते कमी, म्हणून घरी शेजारणी.

शनिवार, १५ मार्च

एक्केचाळीस ओळी झाल्या. उद्या रविवार, शाखा बंद, सकाळी दहाला पत्ता बदलायचा.

बेचाळिसावी ओळ मी लिहिलेली नाही.

इथे खरं लिहायला हरकत नाही. बेचाळिसावा म्हणजे निरोप्या. तळमजल्यावर जुन्या कागदपत्रांच्या खोलीत, कपाटामागे, डब्याएवढं एक यंत्र आहे. नऊ वर्षांपूर्वी मी बसवलं. ते दर पाच मिनिटांनी थोरल्याला विचारतं, 'काही निरोप आहे का?' आणि असला तर पेशंटच्या फोनवर मेसेज पाठवतं. ते तिथे आहे हे माझ्याशिवाय कोणालाही माहीत नाही, कारण ते कधी बिघडलंच नाही. त्याच्यात थोरल्याचा पत्ता आकड्यांत कोरलेला आहे.

उद्यापासून निरोप्या दहाच्या दारावर थाप मारत राहील आणि दार कोणी उघडणार नाही. तो तक्रार करत नाही, तशी सोय मी केलेलीच नाही. सोमवारी दुपारपर्यंत लोक काउंटरवर येतील, मेसेज आला नाही म्हणतील. शिस्तबाई तिचे तक्ते उलटे-सुलटे करून बघेल. मग माझ्या टेबलाशी येईल. मी चहा संपवीन आणि म्हणेन, बघू या हं.

अर्धा दिवस. तेवढ्यानं कोणाचं काही बिघडत नाही. जे अगदी तातडीचं असतं त्याला डॉक्टर स्वतः फोन करतात. निरोप्याचे मेसेज त्याखालचे, ज्यांच्या रिपोर्टमध्ये काही निघालं आणि ज्यांना पुन्हा बोलवायचं त्यांना. ज्यांचं सगळं ठीक त्यांना मेसेज जातच नाही. हा नियमही माझाच. सुरुवातीला सगळ्यांना जायचे तर लोक कटकट करायचे. मीच म्हटलं, ज्यात काही आहे त्यांनाच पाठवा. तेव्हाच्या साहेबांनी पाठ थोपटली होती. आता पाठ थोपटणारं कोणी उरलेलं नाही.

संध्याकाळी घरी आलो तर हिच्या कोपराच्या आतल्या बाजूला कापसाचा बोळा आणि पट्टी. म्हटलं काय केलंस? म्हणाली, "खरचटलं." स्वयंपाकघरात नीट बघून वावरावं माणसानं.

रविवार, १६ मार्च

सकाळी दहा ते साडेबारा. शिस्तबाई यादी वाचायची, गुळगुळीत यंत्रावर बसून बदलायचा, मी उभा. आधी नाव बदललं. तो काळा पडदा, त्यावर अकरा वर्षं प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला 'थोरला' लिहून यायचं. गुळगुळीतनं नवं नाव टाकून सर्व्हर बंद करून चालू केला आणि तिथे 'ए-दोन-शून्य-सात' आलं. मला राग आला. वाईट वाटलं असं लिहायचं होतं, पण राग आला हेच खरं.

मग पत्ता. दहाचा सत्तावन्न झाला. एक्केचाळीस ठिकाणी एकेक करून बघितलं, एक्केचाळीस ठिकाणी बरोबरच्या खुणा झाल्या. शिस्तबाईनं विचारलं, "अजून काही राहिलं नाही ना, सर?"

मी म्हटलं, "यादी तुमच्या हातात आहे."

सोमवार, १७ मार्च

इस्त्रीचा शर्ट घालून गेलो. कोणी आलं नाही.

मंगळवार, १८ मार्च

कोणी आलं नाही. काउंटरवरच्या मुलीला सहज विचारलं, काही तक्रारी? म्हणाली, "पाणी प्यायच्या यंत्राची आहे." लोकांना मेसेजचं काही पडलेलंच नाही असं दिसतं. आणि मी नऊ वर्षं त्यांच्यासाठी जीव टाकत होतो.

हिनं माझ्याकडून स्वतःच्या फोनचा आवाज मोठा करून घेतला. अंघोळीला जातानाही फोन बरोबर. मी म्हटलं, एवढं कोण मंत्री बोलवणार आहे तुला? हसली नाही. विनोद कळायलाही डोकं लागतं.

गुरुवार, २० मार्च

विभागाची बैठक. शिस्तबाईनं सगळ्यांसमोर सांगितलं, पत्ता बदलण्याचं काम एकही तक्रार न येता पार पडलं. टाळ्या. गुळगुळीत उभा राहून म्हणाला, "यादी सरांची होती." सगळे माझ्याकडे वळले. मला टोमणा मारत होता की काय, हे मी दिवसभर शोधतोय.

एक शंका येते. निरोप्या त्यानं शोधून काढला असेल. कपाट सरकवून, पत्ता बदलून, मला न सांगता. शिस्तबाईला सांगून आणि मला नाही. दोघं मिळून माझी मजा बघत असतील. तसं असेल तर मी खाली जाऊन बघणं म्हणजे नाक घासत जाणं. मी जाणार नाही.

शनिवार, २२ मार्च

हिला काय झालंय कळत नाही. सकाळपासून गुणगुणतेय. दुपारी बाजारातून चार रोपं आणली, बाल्कनीत ठेवली. आठ दिवस उशाशी घेऊन झोपत होती तो फोन खणात टाकून दिला. संध्याकाळी मला म्हणाली, "आपण दोघं कुठेतरी जाऊन येऊ या का हो? चार दिवस. कित्येक वर्षांत गेलो नाही." मी म्हटलं, माझ्या पाठीमागे तिथे काय शिजतंय तुला माहीत नाही, आणि तुला सहल सुचतेय. तरी रागावली नाही. चहात वेलची घातली होती.

माझं सगळं बिघडलेलं असताना घरात कोणीतरी आनंदात आहे, हे सहन होत नाही.

मंगळवार, २५ मार्च

हे लिहायला वेळ लागेल.

दुपारी दोन वाजता जिन्यात फेरतपासणीच्या डॉक्टरीणबाई भेटल्या. दुसऱ्या मजल्यावर बसतात. ज्यांच्या रिपोर्टमध्ये काही निघतं त्यांना पुन्हा तपासणं हे त्यांचं काम. म्हणाल्या, "काय हो, गेल्या आठवड्यात माझ्याकडे एकही पेशंट नाही. रोज दोन-तीन तरी असतात. सगळं गाव बरं झालं की काय?" आणि हसत वर गेल्या.

मी पाच-सहा पायऱ्या उतरलो आणि थांबलो.

तक्रार कोण करणार होतं? मेसेज आला नाही म्हणजे सगळं ठीक, हे मीच लोकांना शिकवलं. ज्याला मेसेज आला नाही तो खूश होऊन घरी बसला. खूश माणूस काउंटरवर कशाला येईल? मी नऊ दिवस टेबलाशी बसून ज्यांची वाट बघत होतो, ते येणं शक्यच नव्हतं. आणि ही गोष्ट मला, ज्यानं तो नियम लिहिला त्याला, कळली नाही.

थोरल्यावर जाऊन पाठवायच्या निरोपांची यादी उघडली. एकोणीस. नाव नसतं तिथे, नमुन्याचा क्रमांक आणि फोन. खाली जाऊन कपाट सरकवलं. धूळ तशीच होती. गुळगुळीत तिथे कधी फिरकलाच नव्हता. निरोप्याचा हिरवा दिवा दर पाच मिनिटांनी लुकलुकत होता. नऊ दिवस तो दहाच्या दाराशी जाऊन परत येत होता.

लॅपटॉप जोडला, दहा खोडून सत्तावन्न केले. पुढच्या फेरीला पाच मिनिटं होती. तेवढ्यात यादी नीट वाचावी म्हणून वरून खाली वाचू लागलो. पाचव्या ओळीत, अठरा तारखेच्या समोर, जो फोन नंबर होता तो मला पाठ आहे. मला पाठ असलेला तो एकच नंबर आहे. बाकी सगळे फोनमध्ये असतात.

'आपल्या १८ मार्चच्या रिपोर्टनुसार पुढील चाचण्या आवश्यक आहेत. कृपया तीन दिवसांत भेटावे. सोबत एक नातेवाईक आणावा.'

वायर माझ्या हातात होती. ओढली असती तर तो निरोप गेला नसता आणि मी घरी जाऊन काहीतरी वेगळं सांगितलं असतं. पण अडवायचं होतं तेवढं मी अडवून झालो होतो. दिवा लुकलुकला. एकोणीस निरोप तीन मिनिटांत गेले.

घरी पोचलो तेव्हा साडेचार झाले होते. ही बाल्कनीत कुंड्यांची माती उकरत होती. मला बघून दचकली.

"काय झालं? भांडलात का ऑफिसात?"

"फोन कुठाय तुझा?"

"खणात. आता कशाला? त्याचं काम झालं." मग हात पुसत हसली. "आता सांगायला हरकत नाही. थकवा जाईना म्हणून डॉक्टरांनी रक्त तपासायला सांगितलं होतं. बाजारातल्या तुमच्याच शाखेत जाऊन आले. तिथली मुलगी म्हणाली, शुक्रवारपर्यंत मेसेज आला नाही तर समजा काही नाही. नाही आला. तुम्हाला उगाच कशाला सांगायचं, म्हणून..."

मी खण उघडून फोन तिच्या हातात दिला. तिनं चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"रिपोर्ट अठराचा आहे," म्हणाली. "मग हा आज कसा आला?"

मी सगळं सांगितलं. यादी, एक्केचाळीस ओळी, कपाटामागचा निरोप्या, शिस्तबाईनं माझ्या टेबलाशी यावं म्हणून काय केलं ते. मला वाटलं होतं की ही रडेल.

"म्हणजे तुम्ही विसरला नव्हता," म्हणाली.

"नाही."

"मुद्दाम केलंत."

"हो. पण तुझं आहे हे मला..."

"माझं नसतं तर?"

मी म्हटलं, हे चार दिवस तू जो आनंद केलास तो माझ्यामुळे... म्हणजे मला म्हणायचं होतं, की तो खोटा होता हे माझ्यामुळे. मला नीट बोलता येईना.

"ते चार दिवस माझे होते," ती म्हणाली. "त्यांना तुम्ही हात लावायचा नाही." आणि परत बाल्कनीत जाऊन राहिलेल्या दोन कुंड्यांची माती उकरली.

बुधवार, २६ मार्च

शिस्तबाईच्या खोलीत जाऊन यादीवर बेचाळिसावी ओळ तिच्यासमोर लिहिली. ठिकाण, कपाट, पत्ता. शेजारी अडकलेल्या एकोणीस निरोपांची यादी ठेवली. तिनं वाचलं.

"हे राहून गेलं होतं का, सर?"

ती मला वाट करून देत होती. हे मला कळलं, आणि माझा तिच्यावरचा राग तेवढ्यानं कमी झाला नाही, हेही लिहितो.

"राहून गेलं नव्हतं. मी घातलं नव्हतं."

तिचा चेहरा पांढरा पडला होता. मग म्हणाली, "तुमचं काय करायचं ते मी नंतर बघणार आहे, आणि मी सोडणार नाही. आधी एकोणीसजणांना फोन. मेसेज गेले असतील, पण आता मेसेजवर माझा विश्वास नाही. नऊ मी करते, नऊ तुम्ही करा."

"एकोणीस आहेत."

"एक तुमच्या घरी आहे ना? मी नंबर बघितला, सर. तुमच्या फायलीत आहे."

नऊ फोन केले. सहा लोक म्हणाले बरं, येतो. एक बाई रडली. एक माणूस मला समजावून सांगू लागला की त्याला मेसेज आलेला नाही, म्हणजे त्याला काही झालेलं नाही, हा तुमचाच नियम आहे. मी म्हटलं, हो, माझाच आहे. कालचा मेसेज त्यानं उघडलाच नव्हता. नवव्या नंबरावर कोणी उचलत नाही. उद्या पुन्हा लावायचा आहे.

गुळगुळीतनं न विचारता माझ्या टेबलावर चहा ठेवला. त्याला सगळं कळलंय. प्यायलो नाही मी.

गुरुवार, २७ मार्च

नववा लागला. येतो म्हणाला.

अकराला हिला घेऊन दुसऱ्या मजल्यावर गेलो. लिफ्ट चालू होती, तरी ही जिन्यानं निघाली. मधल्या टप्प्यावर थांबली. मी दोन पायऱ्या खाली उभा राहिलो. सकाळपासून ती माझ्याशी तीन वाक्यं बोलली होती, त्यातली दोन गॅस आणि कुलूप यांच्याबद्दल.

काउंटरवर नर्सनं फॉर्म काढला. "मेसेज तर अठरा तारखेला निघालाय. इतक्या उशिरा का आलात?"

मी तोंड उघडलं. हिनं माझ्याकडे न बघता सांगितलं, "यांना विचारा."

मी सांगितलं. नर्सचं पेन तेवढा वेळ हवेत होतं. मग ती फॉर्मवर परत आली. तिच्याही आवाजात आता धार होती.

"सोबत नातेवाईक कोण?"

"आहेत एक," ही म्हणाली.

"नाव?"

एकतीस वर्षं ही मला 'अहो' म्हणत आलीय. घरात, बाजारात, भांडणात, आजारपणात, दुसरी हाक मी तिच्या तोंडून ऐकलेली नाही. आज तिनं माझं पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, यादीतली ओळ वाचून दाखवावी तसं. नर्सनं ते लिहून घेतलं आणि आम्हाला बाकावर बसायला सांगितलं.